गाऱ्हाण्यातलं इंग्रजी

तिरोडकर सर बाजारात बांगडे घ्यायला निघाले की मी मुद्दाम त्यांच्याबरोबर जायचो. मला मासे नको असायचे, मला गंमत बघायची असायची. शेवंती पाटी उतरवून विचारायची, "मास्तरानु, बांगडो होयो?" आणि हा गृहस्थ छत्री काखेत मारून, चष्मा कपाळावर चढवून पाटीवर वाकायचा नि म्हणायचा, "खंयचो?" शेवंती गावाचं नाव सांगायची, तोंडवळीचो. "तसा न्हय गो. ह्यातलो खंयचो?" मग स्वतःच बोट दाखवून सांगायचे, "हो. ताठ आंगाचो, तांबड्या कल्ल्याचो, कडेक पडलेलो." शेवंतीने एकदा कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मास्तरानु, बांगडो घेतास काय जावय बघतास?" सगळा बाजार हसला. सरही हसले, पण बांगडा तोच घेतला.

हा 'खंयचो', म्हणजे कुठला, त्यांच्या जिभेवर कायमचा बसला होता. शिपायाने येऊन पाव्हणे आल्याचं सांगितलं की 'खंयचे?' मी कपाटातलं पुस्तक मागितलं की 'खंयचा?' अहो, कपाटात पुस्तकं होती किती! पण नाही, नीट वर्णन करून सांगितल्याशिवाय हात पुढे होणार नाही. मी मराठीचा मास्तर, त्यात याच गावचा. मला चीड यायची. एकदा म्हटलंही, की आमच्या मराठीला तुमचं ते इंग्रजीतलं आर्टिकल नाही म्हणून आमचं काय अडलंय का? ते शांतपणे म्हणाले, "सामंत सर, तुमचा अडत नाय, कारण तुमका सगळे वळखतत."

आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडचं. तेव्हा जिल्हा रत्नागिरीच होता, आणि इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. तोवर पोराने एबीसीडी डोळ्यांनी पाहिलेली नसायची. दहावीपर्यंतची आमची शाळा, अकरावी नुकती कुठे मंजूर झालेली. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. आणि इंग्रजी शिकवायला हे तिरोडकर, सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे. बी.ए. पुरं झालेलं नव्हतं. पांढरा सदरा, तपकिरी कोट, कोटाला एक बटण कायम दुसऱ्याच रंगाचं. माझ्या शेजारच्या पडवीत एकटे राहायचे. बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती आणि मूलही राहिलं नव्हतं. हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही, तिरोड्याचा एक माणूस तिठ्यावर भेटला तेव्हा कळलं. पोरं त्यांना 'धी मास्तर' म्हणायची, कारण आर्टिकलपुढे त्या माणसाला दुसरं काही दिसायचंच नाही.

'आय सॉ बोट' असं एखाद्या पोराने म्हटलं की ते खडू खाली ठेवायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "निशाण खंय गेला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एरवी वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी, पण आर्टिकलवर आले की मालवणी सुटायची. ते सांगायचे, नाम म्हणजे पालखी. तिच्यापुढे विशेषणांच्या अब्दागिऱ्या, चवऱ्या, दिवट्या हव्या तेवढ्या चालवा, पण निशाण सगळ्यांच्या पुढे. 'बोट' असेल तर 'अ बोट'. मध्ये 'ओल्ड' घुसली की 'अ‍ॅन ओल्ड बोट', कारण निशाण धरणाऱ्याने पाठीमागे लगेच कोण येतंय ते बघून चालायचं असतं. आणि कुठली बोट ते ठरलं, मोडक्या डोलकाठीची, खाडीच्या तोंडावर रुतलेली, की मग 'धी'. मी भिंतीपलीकडे मराठी व्याकरण शिकवताना हे सगळं ऐकायचो. खरं सांगतो, मला माझ्या तासापेक्षा तेच जास्त कळायचं.

पण पोरांना कळत नव्हतं. मराठीत बोलणाऱ्याला या निशाणाची गरजच वाटत नाही, तो ते लावायला विसरतो आणि विसरलो हेही त्याला कळत नाही. त्यात बाबल घाडी म्हणजे अगदी दगड. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालणारे आमचे घाडीमामा, त्यांचा हा एकुलता झील. बारीक, काळा, कान पुढे आलेला. त्याच्या मनात एकच होतं, तारमास्तर व्हायचं. आचऱ्याच्या पोस्टात ते कट्ट कडकट्ट करणारं यंत्र त्याने एकदा पाहिलं होतं तेव्हापासून तो बाकाच्या कडेवर बोटाने टकटक करत बसायचा. आणि तारमास्तर व्हायचं तर मॅट्रिकला इंग्रजी हवं.

एक दिवस बाबलने पाच वाक्यांत पाच निशाणं गाळली. सर त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसले. विचारलं, तुझ्या बापाकडे एखादी बाई हरवलेल्या गायीसाठी येते तेव्हा तो देवाला काय सांगतो? बाबल उभा राहिला, हात जोडले आणि डोळे मिटून सुरू झाला. बापाचा आवाज त्याच्या गळ्यात जन्मापासून होता.

"बा देवा म्हाराजा! ही जी बाय तुझ्या पायाकडे उभी आसा, वरच्या वाड्यातली, गोयंदाची सून, हिची जी तांबडी, एका शिंगाची, कपाळार चांद असलेली गाय…"

आणि सगळा वर्ग सवयीने ओरडला, "व्हय म्हाराजा!"

सर उठून उभे राहिले. म्हणाले, "आयकलात? देव सगळा जाणता. तरी त्याका खंयची गाय ता सांगूचा लागता. मगे इंग्रज बिचारो सात समुद्रापलीकडचो. त्याका न सांगता कसा कळतला?"

त्या दिवसापासून आमच्या शाळेत इंग्रजीचं गाऱ्हाणं सुरू झालं. एकाने उभं राहून वर्णनासकट नाम सांगायचं, 'धी ओल्ड बोट विथ धी ब्रोकन मास्ट'. बरोबर असेल तर वर्गाने म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. निशाण चुकलं तर सगळ्यांनी गप्प बसायचं. हे गप्प बसणं पोरांना छडीपेक्षा लागायचं. चुकणारा कावराबावरा होऊन पुन्हा सांगायचा, पुन्हा शांतता, आणि मग एकदम छप्पर उडेल असं 'व्हय म्हाराजा'! माझ्या वर्गातली पोरंसुद्धा पलीकडे कान लावून बसायची. आणि बाबल, तो दगड, सहा महिन्यांत असा सुटला की सर त्याला चुकवायला बघायचे आणि तो चुकायचा नाही. ती तुकडी सरांनी आठवीत हातात घेतली होती. तिला आपल्या हाताने मॅट्रिकच्या इंग्रजी पेपराला बसवायची, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती. ते हे बोलूनही दाखवायचे, पुन्हापुन्हा, मला कंटाळा येईपर्यंत.

ती पोरं अकरावीत गेली आणि त्याच साली गावपळण आली. आचऱ्यासारखी आमच्याही गावाला ही रीत आहे. काही वर्षांनी देव कौल देतो आणि तीन दिवस तीन रात्री सगळं गाव शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. घरात दिवा नाही, चूल नाही. शिवेपलीकडे माळावर झावळांच्या झोपड्या घालून राहायचं. चौथ्या दिवशी देवाने परवानगी दिली तर परत यायचं, नाहीतर आणखी थांबायचं. कोण लहान, कोण मोठं, काही राहत नाही. मजा असते. तिरोडकर सर बाहेरगावचे, पण आमच्याबरोबर आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फणसाखाली वर्ग भरवला.

नेमके त्या दिवशी तपासणीचे साहेब आले. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं की गाव गावात नाही. ते आचऱ्यापर्यंत एस.टी.ने आले, तिथून चालत आमच्या गावात शिरले तर चिटपाखरू नाही. शाळेला कुलूप. घराघरांत हाका मारून दमले, आणि शिवेपलीकडचा धूर बघत माळावर आले तेव्हा कोटभर धूळ नि तोंडाला कोरड. पुढे काय बघतात? मडकी, कोंबड्या, वाळत घातलेली लुगडी, आणि फणसाखाली सगळी अकरावी हात जोडून ओरडतेय, 'व्हय म्हाराजा!' साहेबांनी विचारलं, हा कसला तास? सर म्हणाले, इंग्रजीचा. आमच्या हेडमास्तरांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. हेडमास्तर घाटावरचे, नवे, बी.ए. बी.टी., माणूस वाईट नव्हता, पण शाळेच्या नावाला फार जपणारा.

सरांनी मोठ्या आशेने बाबलला उभं केलं. साहेबांनी त्याला निश्चित उपपदाची, म्हणजे त्या 'धी'ची, व्याख्या विचारली. व्याख्या! बाबलला व्याख्या कुठली येणार? त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि साहेबांचंच वर्णन सुरू केलं, इंग्रजीत, धी टॉल टायर्ड मॅन विथ धी ब्लॅक बॅग. पोरांनी जोरात साथ दिली. साहेबांना वाटलं पोरं टवाळी करताहेत. ते पाणी प्यायले, पिशवी उचलली आणि निघाले. जाताना हेडमास्तरांना एवढंच म्हणाले की तुमच्या शाळेत इंग्रजी देवळातल्यासारखं चालतं, अकरावीचा वर्ग चालू ठेवायचा असेल तर पहिला निकाल चांगला लावून दाखवा.

झालं. हेडमास्तरांची झोप उडाली. आणि त्यांनी तोड काढली, जी त्या काळात पुष्कळ शाळा काढायच्या. मॅट्रिकला इंग्रजी सक्तीचं नव्हतं. पोरं नापास व्हायची ती इंग्रजीतच. तेव्हा सगळ्या तुकडीने इंग्रजी घ्यायचंच नाही, म्हणजे निकाल चोख लागेल. त्यांनी पालकांना बोलावून हे नीट समजावलं. पालकांना काय कळणार? म्हणाले, देवाला विचारू.

तिरोडकर सर त्या आठवड्यात घरोघर फिरले. मीही दोन-तीन घरी बरोबर होतो. काकुळतीला येऊन सांगत होते, की पोरांना येतंय हो, त्यांना बसू द्या. घाडीमामांच्या खळ्यात तर ते उकिडवे बसले आणि म्हणाले, बाकीच्यांचं जाऊ दे, बाबलचं तरी आडवू नका. घाडीमामा म्हणाले, मास्तर, माझ्या मनात झील तारमास्तर झालेला बघायचं आहे, पण देवापुढे माझं मन कोण विचारतो?

कौल लावायला सगळे शिवेवरच्या पाषाणाकडे जमले. आमच्याकडे पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घाडीमामा नारळ घेऊन उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! शाळेतली ही जी आमची पोरां-टोरां, ह्यांका इंग्रजी लाभादायक आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी!" सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. मी म्हणालो. माझ्या शेजारी तिरोडकर गप्प उभे होते.

पाकळी डावी पडली.

लोक हात जोडून पांगायला लागले. सरांनी माझा दंड धरला. "सगळ्यांचा एकठय इचारल्यानी," ते म्हणाले. "बाबलचा येगळा इचारूक होया होता. कोण तो, कोणाचो, त्याका काय येता, ह्या देवाक सांगूकच नाय." मी घाडीमामांना गाठलं आणि हे सांगितलं. त्यांचे डोळे भरलेले होते. पण एकदा दिलेला कौल पुन्हा विचारणं म्हणजे देवावर अविश्वास, ते आमच्याकडे कुणी करत नाही. म्हाताऱ्याने मान हलवली आणि नारळ फोडायला वळला. हरवलेल्या गायीचं वेगळं, पण सगळ्या गावाचं काही असलं की एकत्र विचारायची रीतच होती. पावसाला, पेरणीला, सगळ्यालाच गाव एका गाऱ्हाण्यात आटपायचं. आपण कुणाला वेगळं काढलं पाहिजे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, माझ्याही नाही.

त्या उन्हाळ्यात निकाल लागला. झाडून सगळी तुकडी पास. शाळेत खाजं वाटलं, हेडमास्तरांना हार घातला, अकरावीचा वर्ग वाचला. सर सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. कुणीतरी त्यांच्याही हातावर खाजं ठेवलं, तर "बरा झाला, बरा झाला" म्हणाले. संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत गेलो तेव्हा ते खाजं खिडकीत तसंच होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

बाबल मुंबईला गेला. तारखात्यात इंग्रजीवाचून घेतलं नाही. मग गावच्या माणसाने त्याला कुठल्याशा कचेरीत पट्टेवाला म्हणून चिकटवला. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की आत जायचं. बाकीची पोरं गिरणीत, गोदीत, हॉटेलात, जिथे सोय लागेल तिथे.

सरांकडून अकरावी काढून घेतली. बी.ए. नव्हते ना, मग आठवीच्या वर्गावर ठेवले. गाऱ्हाणं बंद करायचा हुकूम झाला होता. त्यांच्या तासाला आता भिंतीपलीकडून व्याख्या ऐकू यायची, पोरं ती एका सुरात घोकायची आणि सरांचा आवाज मला ओळखू यायचा नाही. मी त्यांना पुष्कळ समजावलं, की नवी पोरं येतील, पुन्हा करा. ते फक्त हसायचे. मला राग यायचा. वाटायचं, भांडा की जरा, हेडमास्तरांच्या अंगावर जा, देवाच्या अंगावर जा! पण ते कुणाशी भांडले नाहीत.

त्यानंतर बाजारात मात्र मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो आणि नंतर जायचं सोडलं. शेवंतीने पाटी उतरवली, मला डोळा मारला आणि विचारलं, "मास्तरानु, बांगडो होयो?" आम्ही दोघं वाट बघत राहिलो. सरांनी पिशवी पुढे केली नि म्हणाले, "घाल, खंयचोय." कुठलाही! शेवंतीने माझ्याकडे बघितलं. मग गुपचूप तिनेच त्यांच्यासाठी चांगला निवडून घातला.

पुढे बरीच वर्षं गेली. सर नोकरीतून सुटले, पण तिरोड्याला गेले नाहीत. तिथे तरी कोण होतं? घाडीमामा वारले. त्यांचा मान चालवायला दुसरं कोणी नाही म्हणून बाबल स्टूल सोडून गावाला आला, बायकोपोरांसकट. आणि मग पुन्हा गावपळण लागली. सगळं गाव त्याच माळावर. सरांची झोपडी मी माझ्या शेजारीच घातली. त्यांना फारसं दिसत नव्हतं, सगळा वेळ फणसाखाली बसून असायचे.

चौथ्या दिवशी परतायची परवानगी मागायला सगळे शिवेवर जमलो. बाबल पुढे झाला. डोक्याला मुंडासं, हातात नारळ, कान अजून तसाच पुढे आलेला. त्याने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! हो जो तुझो गाव तुझ्या सबदान शिवेभायर बसलो आसा, त्यातल्या वरच्या वाड्यातली, दोन महिन्यांच्या पोराची ही जी बाळंतीण…" आम्ही म्हणालो, व्हय म्हाराजा. "खालच्या वाड्यातलो, तापान फणफणलेलो हो जो वासूचो झील…" व्हय म्हाराजा. बाप सगळ्या गावाला एकत्र बांधायचा. हा एकेका घरावर थांबत होता, एकेकाला वर्णन करून देवापुढे उभं करत होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले, एवढं लांबण कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या शेजारी तिरोडकर सर हात जोडून, मान किंचित तिरकी करून ऐकत होते. आणि प्रत्येक वर्णन पुरं झालं की सगळ्यांच्या थोडे आधी म्हणत होते, "व्हय म्हाराजा."

एवढं करूनही पाकळी डावी पडली. देवाने परवानगी दिली नाही. लोक उसासे टाकून पुन्हा झोपड्यांकडे वळले, बायका चुलींसाठी लाकडं गोळा करायला लागल्या. बाबल मुंडासं सोडत आमच्याकडे आला. सरांच्या पाया पडला आणि पोरासारखं विचारलं, "सर, बरा झाला?"

"बरा झाला," सर म्हणाले. "एकव चूक नाय."

बाबल हसला. त्याच्या मुलाने हाक मारली म्हणून तो गेला. सर तिथेच उभे. मी म्हटलं, चला सर, आज काही घरी जाणं नाही, झोपडीत जाऊन पडू. त्यांनी बाबल गेला त्या बाजूला तोंड केलं. त्यांना तो दिसत नव्हता, हे मला माहीत होतं.

"सामंत सर," ते म्हणाले, "ह्या पोराक इंग्रजी येय होता हो."

मी त्यांचा हात धरला. झोपडीपर्यंत ते आणखी दोनदा तेच म्हणाले, मला सांगितल्यासारखं नाही, कुणीतरी विचारलं असावं तसं. पुढच्या गावपळणीपर्यंत ते राहिले नाहीत.